गरमीवाला आणि कमलचा ओटा

गरमीवाला दुपारी भिंत पाहत नसे. माणूस कितीही मोठा असो, भर उन्हात बोलावलं तर तोंडावर नाही म्हणायचा. "यवतमाळच्या उन्हात दुपारी सारीच भिंत तापते, काका. त्यात ओल कुठून दिसन?" भिंतीतली गरमी-थंडी रंगात दाखवणारा कॅमेरा त्याच्याजवळ होता, म्हणून त्याला हे नाव पडलं. कॅमेरा कोरड्या दुपट्ट्यात गुंडाळायचा, डब्याच्या पिशवीत टाकायचा आणि गाडीवर गावभर फिरायचा.

माझी बायको कमल गेल्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. स्वयंपाकघरातली भिंत ओलावली होती. ठेकेदार म्हणे ओट्याखालचा पाइप फुटला, ओटा फोडा. कमल बुटकी. मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून तिनं तो ओटा आपल्या मापाचा, ठेंगणा करून घेतला होता. मी ठेकेदाराला म्हटलं, "पहिले मले फोड."

गरमीवाल्यानं आदल्या संध्याकाळीच पंखा, कूलर, गॅस सारं बंद करायला लावलं. घामानं भिजत मी त्याला शिव्या घातल्या. पहाटे ठेकेदाराच्या पाठोपाठ तो आला. चहा विचारला, तर म्हणाला, "भिंत पाह्यल्यावर." पडद्यावर ओट्याशेजारी मोठं लाल ठिगळ उमटलं. मी विचारलं,

"फुटला ना पाइप?"

"थे तुमची पाठ आहे, काका. आत्ताच टेकून उभे होते ना? सरका तिकडं. ओल निळी दिसते."

निळा पट्टा खिडकीपासून खाली उतरला होता. खिडकीबाहेर कूलर. पण तो लगेच खूश करणाऱ्यातला नव्हता. "कॅमेरा थंडी दाखवते, ओल नाही. खात्री करा लागते," म्हणत त्यानं ओल मोजायचं यंत्र जागोजागी लावून पाहिलं. ओट्याखाली ठणठणीत कोरडं. मग ठेकेदाराकडं वळला. "कूलरची टाकी गळून राह्यली, भाऊ. ओट्यानं तुमचं काय घोडं मारलं?"

गेल्या वर्षी त्याला नागपुरात काम मिळालं. निरोप घ्यायला आला तेव्हा मी वाकून त्याच ओट्यावर चहा केला. तो पाहत होता.

"ओटा उंच करून घ्या ना आता. कंबर जाईन तुमची."

"जाऊ दे."

त्यानं ओट्याच्या कडेवर हात ठेवून उंची पाहिली. मग म्हणाला, "मंग स्टूल घ्या, काका. बसलं का तुमची उंची काकूएवढीच होते."

आता मी स्टुलावर बसून पोळ्या लाटतो. जाड होतात. पण होतात.