खोली क्रमांक नऊची चूल

६ मार्च, मंगळवार. खोली क्रमांक नऊ. जीव: दोन.

इथपर्यंत मास्तरांना काही अडचण आली नाही. ते शाळेत भूगोल शिकवत आणि जनगणना आली की सरकारी हुकमाने प्रगणक होत. त्यांनी दारावर खडूने आकडा घातला, खाटेवर बसलेल्या म्हातारीचे वय विचारले, तिच्या मुलीचे विचारले आणि नियमपुस्तिकेतला पुढचा प्रश्न वाचला. स्वयंपाक कुठे होतो?

"पाच घरी," मुलगी म्हणाली.

ती स्वयंपाकाची कामे करी. सगळे तिला बाई म्हणत. समोरच्या इमारतीतल्या पाच बिऱ्हाडांत मिळून सतरा माणसे तिच्या हातचे खात. सकाळी ती पहिल्या घरी उभ्याउभ्या दोन घास खाई, दुपारी तिसऱ्या घरी जेवे, आणि पाचव्या, दातांच्या डॉक्टरांच्या घरून स्वतःचे व आईचे डब्यात घेऊन येई. नऊ वर्षे हे असेच चालले होते. घरोघरी मातीच्या चुली असे आपण सहज म्हणून जातो. या घरात कसलीच चूल नव्हती.

"म्हणजे शेगडी नाहीच?"

"शेगडी घेऊन काय करू, मास्तर? दिवसभर पाच शेगड्यांपुढे उभी असते. सहावी काय बघत बसायला ठेवू?"

मास्तरांनी पुस्तिका पुन्हा वाचली. जे एका चुलीवरचे जेवतात ते एक कुटुंब. व्याख्येत खोट नव्हती. व्याख्या करणाऱ्यांना बहुधा जेवण वेळेवर मिळत असते. चूल एकाची आणि ती पेटवणारा हात दुसऱ्याचा असू शकतो, हे त्यांना सुचण्याचे कारण नसते. नियमाप्रमाणे मायलेकी डॉक्टरांच्या कुटुंबाच्या घटक ठरल्या आणि खोली क्रमांक नऊमध्ये कोणतेच कुटुंब उरले नाही. मास्तरांनी तसे पेन्सिलीने लिहिले.

खोलीचा मालक दारातच घुटमळत होता. "कुटुंब नाही म्हणजे गोदाम," तो म्हणाला. "तसंच लिहा. मला रंगाचे डबे ठेवायला जागा हवीच आहे." कागद हाती पडला की कुलूप घालणार, हे तो लपवतही नव्हता.

"मग हिला कुठे ठेवू?" बाईने आईकडे बोट केले. "डॉक्टरांच्या दिवाणखान्यात?"

मास्तर प्रामाणिक होते, म्हणून ते खरोखरच डॉक्टरांकडे गेले.

"आमच्यात चार माणसं आहेत," डॉक्टर म्हणाले. "सहा कुठून झाली?"

"दोघी तुमच्या चुलीवरचं जेवतात."

"अहो, उरलेलं नेते ती."

"उरलेल्याला वेगळा रकाना नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी वर तक्रार केली. निर्णय असा आला की पर्यवेक्षक रविवारी अकरा वाजता स्वतः पाहणी करतील. खोलीत चूल पेटलेली दिसली तर कुटुंब, नाहीतर गोदाम.

बाईने पाचही घरी सांगितले, "रविवारी मी येणार नाही. माझ्या घरी स्वयंपाक आहे."

"तुझ्या घरी? कोण पाहुणे येतायत?"

"सरकार."

रविवारी पहाटे तिने शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून शेगडी आणली, पातेले आणले, तांदूळ आणि भाजी विकत आणली. पण नऊ वर्षांत हाताला जे वळण लागले ते लागले. तांदळात हात घातला की तो भरूनच वर येई.

"अगं, दोघी आहोत आपण," आई म्हणाली.

"मला दोघींचा भात येत नाही, आई. पाण्याचा अंदाजच चुकतो."

साडेदहाला पहिल्या घरचे पेन्शनर आजोबा आजींसह दारात उभे राहिले. दोघांच्याही हातात ताट होते.

"बाई, शेगडी पेटवून पाहिली. नुसता वास येतो."

"आधी काडी ओढायची, आजोबा. मग गॅस सोडायचा."

"असं होय. आम्ही उलटं केलं. आता खिडक्या उघड्या टाकून आलोय."

त्यांच्यामागून दुसरे घर आले, मग तिसरे. चौथ्या घरची जुळी पायरीवर बसून भाताची वाट पाहू लागली. डॉक्टर सर्वांत शेवटी आले, रिकामा डबा घेऊन. बायको आणि मुले खालीच उभी होती. बाईने तो डबा हातात घेतला. तिने वाढायला घेतले.

पर्यवेक्षक ठीक अकराला आले, तेव्हा जिन्यावर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत माणसे जेवत होती. साहेबांनी वही उघडली.

"आपण नेहमी कोणाच्या हातचं जेवता?"

"हिच्याच," आजोबा म्हणाले.

"आपण?"

"मी स्वतः कुटुंबप्रमुख आहे," डॉक्टर घास गिळून म्हणाले. "माझ्या घरी स्वतंत्र स्वयंपाकघर आहे."

"त्यात मीठ कुठे असतं?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिले. बायकोने बाईकडे पाहिले.

"खिडकीखालच्या निळ्या बरणीत," बाई म्हणाली.

साहेबांचा निर्णय झाला. चूल पेटलेली आहे, सर्व जण तिच्यावरचेच जेवत आहेत, एरवीही याच हातचे जेवतात. कुटुंब एक. माणसे एकोणीस. कुटुंबप्रमुख बाई. बाकीची पाच घरे त्यांनी "निजण्याची जागा" अशी नोंदवली. कुटुंबाच्या प्रकारासाठी मात्र त्यांना बराच वेळ थांबावे लागले, कारण विभक्त म्हणावे तर एकोणीस तोंडे, एकत्र म्हणावे तर सतरांशी नाते नाही. शेवटी त्यांनी "इतर" लिहिले.

"प्रमुखाशी नातं?" त्यांनी डॉक्टरांना विचारले.

"काहीच नाही."

"लिहा, अवलंबून," म्हातारी खाटेवरून म्हणाली.

मालकाने जिन्याखाली आणून ठेवलेले रंगाचे डबे परत नेले. दहा फूट लांब, आठ फूट रुंद अशा त्या खोलीत एकोणीस जणांचे कुटुंब राहते, असे सरकारदरबारी नमूद झाल्यावर तिला गोदाम म्हणण्याची सोय राहिली नव्हती. मायलेकी तिथेच राहिल्या. सोमवारी शेगडी इस्त्रीवाल्याकडे परत गेली आणि बाई सहा वाजता पहिल्या घरी कामाला लागली.

त्या रविवारी ती आली नाही म्हणून पाचही घरांनी तिचा एकेक खाडा कापला. ते पैसे तिला मिळालेले नाहीत. सतरा जणांच्या त्या जेवणाचेही कोणी काही दिलेले नाही.