आण्णाच्या खिशातला फ्यूज

चाळीस वर्षं वायरमनकी केली. अंधारात शिरणं हाच धंदा, त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आलो. तरीही हे लिहितोय...

माझा थोरला भाऊ आण्णा कोल्हापुरातला नावाजलेला वायरमन. मी त्याच्या हाताखाली. काम सुरू करण्याआधी तो बोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज उपसायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. "ह्यो खिशात, म्हंजे जीव खिशात," म्हणायचा.

पंचाहत्तरच्या सुमारास कुरुंदवाडला एका घरी गेलो. पाच अँपिअरच्या सॉकेटवर त्यांनी शेगडी चालवलेली, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार कोंबलेली! आण्णा भडकला. स्वतः पंधराचं सॉकेट बसवायला लागला आणि खिशातला फ्यूज माझ्या हातात दिला. "ह्यात मापाची तार घाल की."

मी घातली... आणि सवयीनं फ्यूज बोर्डात बसवून टाकला. आण्णाचे हात अजून तारांवर होते.

सगळे अपघात म्हणाले. मीही गप्प बसलो. वहिनीलासुद्धा सांगितलं नाही.

चारेक वर्षांनी शिवाजी पेठेत एका मास्तरांकडे तसलंच काम निघालं. भर दुपार. बोर्डात कोपरा उडालेला फ्यूज आहे, हे मी आल्या आल्या पाहिलं होतं. पण डोकं ठिकाणावर नव्हतं. तो न काढताच उघड्या तारा धरल्या – काहीच झालं नाही! बोर्डाकडे पाहिलं तर फ्यूजची जागा रिकामी. घरात मास्तर एकटेच, आरामखुर्चीत घोरत होते. खूप शोधला, शेवटी नवा बसवून घरी आलो.

वहिनी दारातच उभी होती. आण्णाचा कामाचा शर्ट तिनं खुंटीवर तसाच ठेवला होता.

"भावजी, ह्यांच्या खिशात हे कुठनं आलं? सकाळी झटकला तवा काय न्हवतं."

तिच्या हातात फ्यूज. कोपरा उडालेला... तोच!

मी उंबऱ्यातच बसलो आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"त्यांचा राग न्हाय तुमच्यावर," ती म्हणाली. "माझं मला अजून ठावं न्हाय."

शिवाजी पेठेतला फ्यूज आमच्या खुंटीवर कसा पोचला, ते मला आजही सांगता येत नाही. वहिनी त्यानंतर वीस वर्षं होती. त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. फक्त रोज सकाळी डबा हातात देताना विचारायची, "फ्यूज खिशात घालतासा न्हवं?"