बॉनेटवरचा सरळ हात

"डोळे साथ देत नाहीत आता तुमचे. उद्यापासून काउंटरवर बसा, किल्ल्या सांभाळा," असं मालक म्हणाले, तेव्हा वहिनींनी हातातला फडका पिळला, दोरीवर टाकला आणि विचारलं, "मी गाडी डोळ्यांनी साफ करते असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

आमच्या वर्कशॉपात मालकांना असं तोंडावर बोलणारं दुसरं कुणी नाही. माझी तर बिशादच नाही. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ इथेच गाड्या पॉलिश करायचा. तो गेल्यावर मालकांनी वहिनींना बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या मनात होतं की बाईला झाडलोट द्यावी, चहाचं बघायला सांगावं. वहिनींनी पहिल्याच दिवशी झाडू भिंतीला टेकवून ठेवला, नवऱ्याच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यांची जागा रिकामी आहे ना? मग झालं तर." त्याला बावीस वर्षं झाली. मी नंतर आलो, तेही त्यांच्याच शब्दावर. माझे केस पिकले, तरी इथे मला सगळे 'वहिनींचा दीर' म्हणूनच ओळखतात.

त्यांचं काम वॅक्सच्या आधीचं. गाडी धुतली की चकचकते आणि लोकांना वाटतं झालं. झालं कसलं! ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड, झाडांचा चीक, धुराचे कण, असलं बरंच काही रंगात रुतून बसलेलं असतं. साबणाला ते दाद देत नाही. त्यावरच वॅक्स चढवलं की घाण आतल्या आत बंद. ती काढायला क्ले बार लागतो, मळलेल्या पिठासारखी मऊ वडी. वहिनी तिला सरळ माती म्हणतात. रंगावर शाम्पूचं पाणी फवारायचं आणि माती हलक्या हाताने फिरवायची. रुतलेले कण ती आपल्यात ओढून घेते. काम झालं का, हे बघायला वहिनी हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून रंगावरून फिरवतात. नुसत्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. घाण राहिली असेल तर वाळूवरून हात गेल्यासारखं खरखरतं.

बाकी त्यांचे नियम ठरलेले. कोरड्या रंगावर माती लावायची नाही. गोल फिरवायची नाही, सरळ पुढे, सरळ मागे. आणि जमिनीवर पडली तर फेकून द्यायची, मग ती आत्ता पाकिटातून काढलेली का असेना. एक बारीक खडा चिकटला की ती माती राहत नाही, कानस होते. मालक एकदा कुरकुरले होते, "अहो, धुऊन घ्या की." वहिनी म्हणाल्या, "धुते. आणि पहिल्यांदा तुमच्या गाडीवर चालवते." त्यानंतर मालकांनी तो विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंची काळी गाडी आली. वहिनींनी ती सकाळी मातीने साफ केली आणि दुपारी डोळे तपासायला गेल्या. वॅक्स मी लावायचं होतं. चार दिवसांनी बाई गाडी घेऊन परत आल्या. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर उन्हात ओरखडे दिसत होते, चांगले वीतभर. मालकांनी त्या ओरखड्यांकडे पाहिलं, मग वहिनींच्या जाड चष्म्याकडे पाहिलं, आणि सगळं खापर त्या चष्म्यावर फुटलं.

खरं सांगतो, ते ओरखडे माझे होते. वॅक्स लावायच्या आधी मी त्या कोपऱ्यावरून हात फिरवला, तर खरखर लागली. वाटलं, राहिलं वहिनींचं, दिसलं नसेल. खरं तर तिथे नुसतं शाम्पूचं पाणी वाळलं होतं, ओल्या फडक्याने निघालं असतं. पण मी शहाणा! मी वहिनींची माती घेतली आणि निसटून ती खाली पडली. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. उचलली, पँटला पुसली आणि गोल गोल घासला कोपरा. वरून वॅक्स लावलं, तेव्हा सगळं झाकलं गेलं.

आणि मालक वहिनींना काउंटरवर बसायला सांगत होते, तेव्हा मी दोन हातांवर पाइप गुंडाळत मूग गिळून उभा होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. वहिनी काळ्या गाडीपाशी गेल्या. चष्मा कपाळावर सरकवला, चेहरा बॉनेटला लागेल इतक्या वाकल्या आणि एका ओरखड्यावरून हळूच नख फिरवत नेलं. मग सरळ उभ्या राहिल्या.

"मालक, तुमची गाडी काढा."

"माझी? ती कशाला?"

"सगळ्यांसमोर साफ करते. एक ओरखडा उठला तर उद्या तुम्ही म्हणाल तिथे बसते. नाही उठला तर माझ्या डोळ्यांचं नाव पुन्हा काढायचं नाही."

मालकांची पांढरी गाडी त्यांना पोटच्या पोरीसारखी. पण डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या, मागे हटायची सोय नव्हती. गाडी आली, धुऊन झाली. सगळ्यांनी हातातली कामं सोडली. वहिनींनी पाणी फवारलं, माती तळव्यात दाबून चपटी केली आणि सुरुवात केली. सरळ पुढे, सरळ मागे. बॉनेटचा उजवा भाग झाला. डावीकडे आल्या आणि हातातून माती सुटली.

मालक तेव्हा डॉक्टरीणबाईंशी बोलत होते. बाकीच्यांच्या आणि वहिनींच्या मधे गाडी होती. माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. वहिनी चाकापाशी वाकल्या, हाताने चाचपून माती शोधली आणि मोठ्याने म्हणाल्या, "पडली."

मालक गर्रकन वळले. "बघा! बघितलंत ना बाई? मी हेच म्हणत होतो. तेव्हाही अशीच पडली असणार, आणि यांना दिसली नसणार."

"पडणारच. हाताला शाम्पू असतो," वहिनी म्हणाल्या आणि माती कचऱ्याच्या बादलीत टाकली. "तुमच्याही हातून पडेल. पडलेली उचलून परत लावली का, ते विचारा."

"तेच विचारतोय. लावली होती का त्या दिवशी?"

"मी नाही लावली."

एवढंच बोलून वहिनी नव्या मातीचं पाकीट फोडू लागल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मी कदाचित नजर चुकवली असती. पण त्या पाहत नव्हत्या, आणि ते मला सहन होईना.

"मी लावली," मी म्हणालो.

आवाज चिरका निघाला, म्हणून पुन्हा म्हणालो. "डॉक्टरीणबाई, तुमच्या गाडीवरचे ओरखडे माझे आहेत. वहिनी नव्हत्या तेव्हा माती माझ्या हातून पडली. मी पँटला पुसून वापरली. वहिनींच्या डोळ्यांचा काही संबंध नाही."

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. "आणि हे तू आत्ता सांगतोस? उद्यापासून तूच काउंटरवर बसायचं!"

"बसतो," मी म्हणालो. "काढून टाकलंत तरी चालेल. पण वहिनी त्यांच्या जागेवरून हलणार नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा मी मालकांपुढे आवाज चढवला होता.

वहिनी मात्र या सगळ्यात नव्हत्याच. पाणी फवारलं, डावी बाजू सरळ हाताने पुरी केली, फडक्याने पुसली. डॉक्टरीणबाईंनी पिशवीत हात घालून पूर्ण बॉनेटवरून फिरवला, दिवा लावून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मालक, माझी गाडी यांच्याच हातात द्या." मालक "हो हो" करत ऑफिसात गेले. दार मात्र उघडंच राहिलं.

मी वहिनींजवळ गेलो. "तुम्हाला कळलं होतं?"

"नख लावलं तेव्हाच. ओरखडे गोल होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तोंड तुमचं होतं, भावजी. मी कशाला उघडू?" त्यांनी चष्मा पुसला. "मालकांना माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता, ते मी सोसलं. तुम्हालाही नव्हता."

मी मान खाली घातली. वहिनींनी ती प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात कोंबली.

"घाला हात. डावा कोपरा बघा."

"नको वहिनी."

"बघा म्हणते ना!"

मी हात फिरवला. पिशवी अशी सरकली की बोटांखाली काही आहे असं वाटेना.

"राहिलंय काही?"

"नाही," मी पुटपुटलो.

"मोठ्याने सांगा. ऑफिसात ऐकू जाऊ दे."

"काही राहिलं नाही!" मी ओरडलो. घसा दुखेपर्यंत ओरडलो.