इसार कशाला?

मिरजगावचं आमचं घर विकायला काढलं, तेव्हा ते घ्यायला रांग लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. दोन खोल्या, पुढे पडवी आणि वर पत्रा. चैत्र-वैशाखात दुपारी आत बसायची सोय नाही. पण परसात आड होता. बहात्तर सालच्या दुष्काळात गावातल्या एकेका विहिरीचा तळ उघडा पडला, आणि आमच्या आडाला मात्र रोज सकाळी आठ-दहा कळशा पाणी यायचं. आम्ही काही पुण्य केलं होतं म्हणून नव्हे, खणणाऱ्याचा हात बरोबर जागी पडला म्हणून.

त्यामुळे माणसं घर बघायला यायची आणि घराकडे न बघता थेट मागे जायची. आडात वाकायची. एका गृहस्थांनी तर खिशातून खडा काढून आत टाकला, ‘डुबुक’ ऐकून मान हलवली आणि खोल्या किती हेसुद्धा न विचारता किंमत सांगून मोकळे झाले. मला असा राग आला! त्या भिंतींना दर दिवाळीला मी स्वतःच्या हाताने चुना दिला होता. निदान एकदा बघून ‘बरं आहे’ म्हणायला काय जात होतं?

घर विकायचं कारण साधं होतं. हे गावातल्या शाळेत गुरुजी होते आणि आता नगरच्या एका हायस्कुलात त्यांना जागा मिळाली होती. जूनपासून हजर व्हायचं होतं. नगरला भाड्याने राहायचं नाही, हा माझा हट्ट. माझं सगळं लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेलं. खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारायचं. ते पुन्हा नको होतं.

मग दर रविवारी सकाळच्या एसटीने नगर, आणि संध्याकाळच्या एसटीने परत. दुष्काळाने खेड्यांतली माणसं शहराकडे निघाली होती, त्यामुळे नगरला घर रिकामं व्हायच्या आधीच त्याला गिऱ्हाईक लागलेलं असायचं. एक घर पसंत पडलं. ‘पुढच्या रविवारी सांगतो’ म्हणून आलो. पुढच्या रविवारी गेलो तर अंगणात दुसऱ्याच कुणाच्या तरी गाद्या वाळत घातलेल्या. दुसऱ्या घराचं तर सगळं ठरलं होतं. किंमत ठरली, चहा झाला, मालकांनी रस्त्यापर्यंत येऊन निरोप दिला. चार दिवसांनी कळलं की घर गेलं. मी तशीच तणतणत त्यांच्या दारात गेले. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही इसार कुठे दिला होता?”

इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची आगाऊ रक्कम. ती हातावर पडेपर्यंत बाकी सगळं नुसतं बोलणं. हा धडा मी तिथे शिकले आणि पक्का शिकले. तिसरं घर दिसलं, आत नळ होता, मागे न्हाणीघर होतं. मी यांना विचार करायला वेळच दिला नाही, त्याच दिवशी इसार देऊन पावती घेतली. बाकीची रक्कम महिन्याच्या आत द्यायची, नाहीतर इसार बुडणार आणि घर पुढच्या गिऱ्हाइकाला. म्हणजे महिन्याभरात मिरजगावचं घर विकलं पाहिजे आणि चांगल्या किमतीला विकलं पाहिजे. माझी झोप उडाली ती तेव्हापासून.

अशात ते दोघं आले.

म्हातारा-म्हातारी. पूर्वेकडच्या, चार-पाच कोसांवरच्या एका वाडीतले. लेकी दिलेल्या होत्या, मुलगा नव्हता. वाडीतलं पाणी आटलं होतं आणि टँकर यायचा तो टेकडीखाली. म्हातारीचे गुडघे गेलेले. दोन दोन खेपा करून ती मेटाकुटीला आली होती. त्यांना परसात पाणी असलेलं घर पाहिजे होतं, बाकी कशाचीच अट नव्हती. पण एक सांगते, सगळ्या गिऱ्हाइकांत घर बघितलं ते त्या म्हातारीनेच. चुलीपाशी बसून बघितलं. भिंतीवर हात फिरवून म्हणाली, “चुना लई चांगला बसलाय.” मग परसात गेली, मला न विचारता पोहरा सोडला, शेंदला, आणि ओंजळीने पाणी प्यायली. मी जेवायला थांबवलं. पिठलं-भाकरी होती.

म्हाताऱ्याने किंमत सांगितली. वाईट नव्हती, पण तेवढ्यात नगरचं घर भागत नव्हतं. आणखी हजारभर रुपये कुठूनतरी उभे करावे लागले असते. हे ‘बघू’ म्हणाले. निघताना म्हाताऱ्याने कोपरीच्या आतल्या खिशात हात घातला आणि विचारलं, “गुरुजी, इसार द्यू का?”

आता यांचा स्वभाव सांगायला हवा. घरी आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं यांना जन्मात जमलं नाही. कुणीही जायला निघालं की यांचं ठरलेलं वाक्य असायचं, ‘या पुन्हा, घर तुमचंच आहे.’ पोस्टमनला म्हणायचे, कल्हईवाल्यालाही म्हणायचे. तसा तो आपल्याकडचा रिवाजच, कुणी मनावर घेत नाही. नुकतेच जेवून उठलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे यांना अवघड वाटलं, शिवाय मनात अजून ठरलेलं नव्हतं. म्हणून वेळ मारून न्यायला म्हणाले, “इसार कशाला? घर तुमचंच आहे.”

म्हाताऱ्याने हात खिशातून बाहेर काढला आणि यांना नमस्कार केला.

मी आतून ऐकत होते. आणि मला काय वाटलं तेही सांगते. मला वाटलं, बरं झालं, इसार घेतला नाही. अडकलो नाही.

चार दिवसांनी मोठ्या रस्त्यावरचा एक भुसार व्यापारी आला. त्याला गोदामाला जागा हवी होती, आडाचं पाणी हा वरचा फायदा. नगरचं घर बरोबर पदरात पडेल एवढी किंमत त्याने सांगितली, आणि नोटा काढून पडवीतल्या बाजेवर ठेवल्या. हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “पण ते म्हातारे...”

“त्यांचा इसार कुठे आहे?” मी म्हणाले.

मी म्हणाले, मीच. यांनी नोटा मोजल्या. पावती लिहून दिली. त्या म्हाताऱ्यांना निरोप पाठवू असं एकदा बोलणं झालं, पण मग सामानाची बांधाबांध सुरू झाली आणि ते राहून गेलं.

त्यानंतर आठवड्याभराने सकाळी दारात बैलगाडी येऊन थांबली. गाडीत बाज होती, पत्र्याची पेटी होती, जातं, खुराड्यात तीन कोंबड्या. म्हातारी वर बसली होती आणि तिच्या मांडीवर पोहऱ्याला बांधायचा नवा कोरा दोर होता. मला बघून हसली. “जुना दोर विरलाय तुमचा,” म्हणाली, “म्या त्या दिशीच बघितलं हुतं.”

म्हातारा खाली उतरला. सगळी रक्कम सोबत आणली होती, आजच कागद करू म्हणाला. मी यांच्याकडे बघितलं. हे पडवीच्या खांबाला धरून उभे होते. मग मीच सांगितलं. घर दुसऱ्याला दिलं, इसार घेतला, पावती झाली. अगदी सरळ सांगितलं, कारण घोळवत बसले असते तर सांगता आलं नसतं.

म्हाताऱ्याला ते लवकर समजेना. “गुरुजी,” तो म्हणाला, “म्या इसार द्यायला लागलो हुतो. तुमीच नगं म्हनला.”

“हो,” हे म्हणाले. “म्हणालो.”

“आवं, माळावरचं येक घर मिळत हुतं आमाला. त्याला आड न्हाई, पर शेजारच्यांचं पानी मिळत हुतं. न्हाई म्हनून सांगून आलो. गुरुजींनी शबुद दिलाय म्हनलो. आता तेबी गेलं.” तो भांडत नव्हता. झालं कसं ते आम्हाला सांगत होता.

इसार परत करता आला असता. व्यापाऱ्याने चार शब्द ऐकवले असते, एवढंच. यांनी त्यासाठी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या एका नजरेत सगळं होतं आणि मला सगळं समजलं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांपुढे नगरचा नळ होता.

म्हातारीच्या लक्षात आलं असावं. ती गाडीतूनच नवऱ्याला म्हणाली, “चला आता. त्यांनी मानानं म्हनलं, आपुन खरं धरलं.”

मी जेवून जा म्हणाले. ती म्हणाली, “न्हाई बाई, आज नगं.” मग मी कळशीभर पाणी दिलं. ते तिने बैलांना पाजलं.

आमची गल्ली चिंचोळी. गाडी आत यायची, पण वळायची नाही. बैल सोडायचे, गाडीचं तोंड हाताने उचलून फिरवायचं आणि पुन्हा बैल जुंपायचे. भरल्या गाडीला हे जमेना. मग पेटी उतरवली, जातं उतरवलं, खुराडं आमच्या पडवीत ठेवलं. म्हातारीही उतरली, गुडघ्यावर हात ठेवून ठेवून. सगळं सामान आमच्या दारात मांडलं गेलं. कुणी नवा माणूस गल्लीतून गेला असता तर त्याला वाटलं असतं, राहायला आलेत.

हे पुढे झाले आणि चाकाला खांदा लावला. पांढरा सदरा वंगणाने काळा झाला. म्हातारा घाईने म्हणाला, “सोडा गुरुजी, कापडं खराब व्हत्यात.” हे चाक सोडेनात. रडत होते.

गाडी फिरली. सामान पुन्हा चढवताना म्हाताऱ्याला जातं एकट्याला उचलेना. त्याने इकडेतिकडे बघितलं. हात लावायला मला दोन पावलं पुढे जायचं होतं. मला जाता आलं नाही. म्हातारी वाकली आणि तिने दुसरी बाजू धरली.