दाढेचा कौल

आमच्या साडूंच्या उजव्या दाढेला जेवढं कळत होतं, तेवढं मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या एकाही ज्योतिषाला कळत नव्हतं, हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे. दाढ किडलेली होती आणि जेवताना निम्मा भात तिच्यात अडकायचा, पण तिची ऐट देवळातल्या मूर्तीसारखी. साडू मालवणकडचे, विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर. त्यांच्या गावी काही अडलं की देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा, उजवीकडचं फूल पडलं की होकार. मुंबईत एवढा खटाटोप कोण करणार? साडू नुसता गालावर तळहात ठेवत, डोळे मिटून पुटपुटत. दाढ ठणकली की होकार, गप्प राहिली की नकार. चाळीतल्या बायका सुरुवातीला हसल्या, मग "भाऊ, आज पाणी येतला काय, विचारा ना!" असं नळावरूनच ओरडायला लागल्या. दाढ नाही म्हणाली की बायका रिकाम्या बादल्या घेऊन घरी जायच्या, आणि पाणी खरोखरच यायचं नाही. तसं ते तिथे एरवीही यायचं नाही, असं मी म्हणायचो.

एका रविवारी माझं हे म्हणणं बंद झालं. साडू आमच्या मुलुंडच्या घरी आले होते. बशीतला चहा अर्धा प्यायले आणि एकदम गाल धरून छताकडे बघत म्हणाले, "वर कोण ऱ्हवता रे?" वर एक आजोबा राहायचे, चांगले ठणठणीत. त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आम्हाला तेव्हाही ऐकू येत होता. "काय नाय, उगाच विचारलंय," असं म्हणून साडूंनी उरलेला चहा तसाच ठेवला. संध्याकाळी आजोबा गेले. खुर्ची सरकल्याचा आवाज मला मात्र त्यानंतरही बरेच दिवस यायचा. "भावजी, आमच्या घरात दाढेला हात लावायचा नाही हं!" असा बायकोने साडूंना दम भरला. तेव्हापासून ते आमच्याकडे उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे.

पण या सगळ्या किरकोळ चौकशा. साडूंचा खरा प्रश्न एकच होता. त्यांचा धाकटा भाऊ, बाबू, त्यांच्याकडेच राहायचा. एका दिवेलागणीला तो डबा घेऊन रॉकेल आणायला म्हणून जिना उतरला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली, खाडीकडची झाडी पालथी घातली. डबासुद्धा सापडला नाही. तेव्हापासून रोज दिवेलागणीला साडू दारात उभे राहून गाल धरायचे. "बाबू जितो आसा?" दाढ ठणकायची. "आसा," असं ते घरात सांगायचे, आणि मगच मेव्हणी देवापुढे दिवा लावायची. मी पाहुणा असलो की तेवढा वेळ मलाही उगाच श्वास रोखून बसावं लागायचं.

त्यामुळे दाढ सुजली तेव्हा सगळ्यांचीच वाट लागली. गाल फुगला, ताप चढला, तोंड जेमतेम उघडायचं. पू गळ्यात उतरला तर जिवावर बेतेल, असं दवाखान्यात सांगितलं. साडू ऐकेनात. "दाढ काढलंय तर बाबूची खबर माका कोण देतलो?" मेव्हणी माझ्यापुढे रडली. "भावजी, तुम्हीच समजवा. एक गेला, आता हेही जातील." शेवटी मी घाटकोपरच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाई हसऱ्या होत्या, गुजराती वळणाचं मराठी बोलायच्या. "काका, दाढ नाय काढत ना आपण! रूट कॅनल करू. पू काढू, आतली नस काढू. दाढ जागेवरच राहील, नुसती मरून जाईल." शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

साडू खुर्चीत बसले. दिवा तोंडावर आला, लवंगेच्या तेलाचा वास सुटला. बाईंनी बारीक सुई उचलली, तसा साडूंनी हात वर करून त्यांना थांबवलं, डोळे मिटले आणि सुजल्या तोंडाने गाऱ्हाणं सुरू केलं. कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला असं गाऱ्हाणं घालतात, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला होकार भरायचा असतो. जमलेला मी एकटाच होतो.

"बा देवा म्हाराजा, ह्या बाईच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माजो ताप उतरांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हातात सुई धरून ताटकळलेल्या बाईंकडे बघून मला हसू आवरत नव्हतं.

"आणि माजी नस गेल्यार बाबूची खबर हयसर जमलेल्या कोणाच्या तरी दाढेत घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणून गेलो.

साडूंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि आ वासला.

दोन-चार खेपांत काम उरकलं. सूज उतरली, साडू वाचले. मेव्हणीने आम्हाला जेवायला बोलावलं. दिवेलागण झाली, साडू दारात जाऊन उभे राहिले, गाल धरला, विचारलं. मेव्हणी हातात काडेपेटी घेऊन थांबली होती. "गप आसा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला ऐकवेना. तेवढ्यात माझ्या उजव्या दाढेत, जिला जन्मात कधी कळ माहीत नव्हती, एक ठणका आला. माझा हात आपोआप गालावर गेला. साडू वळले. "तुका ठणकता?" मला खोटं बोलवेना. "हो," मी म्हणालो. "आसा गो!" साडूंनी घरात सांगितलं, आणि मेव्हणीने दिवा लावला.

पुढे कित्येक वर्षं साडू कारखान्यातून सुटले की आधी मुलुंडला यायचे. चहा नाही, पाणी नाही. दारातूनच माझ्या गालाकडे बघायचे, मी मान हलवली की परत फिरायचे. मेव्हणीचा दिवा रोज उशिरा लागायचा.

बाबू काही आला नाही. साडूही गेले. मला त्यांची फार आठवण येते, मांडीखाली दाबलेल्या त्या हाताची तर विशेष. माझी दाढ आता चांगलीच पोखरली आहे. रूट कॅनल करून टाका, असं डॉक्टर म्हणतात, बायको म्हणते, आणि मी पुढच्या आठवड्यावर ढकलतो. काल दिवेलागणीला ती पुन्हा ठणकली. मी रिकाम्या दाराकडे बघून "आसा" म्हटलं, आणि मगच बायकोला दिवा लावायला सांगितलं.