पाचव्या होलचं वळण

जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही आणि शेळीसुद्धा फार वेळ रेंगाळत नाही, अशा जमिनीवर बायकोमुलांपेक्षा जास्त जीव लावणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. नगरच्या कॅम्पात इंग्रजांनी आखलेलं नऊ होलांचं गोल्फचं मैदान होतं, तिथल्या क्लबात ते माळ्यांचे मुकादम. राहात्याची घरची बागायत थोरल्या भावाच्या गळ्यात घालून हे गृहस्थ चेंडूच्या भोकांची निगा राखत बसले होते. स्वतः त्यांनी जन्मात एकदाही गोल्फची काठी फिरवली नव्हती.

मी तेव्हा राहुरीला धरणाच्या कचेरीत नकाशे काढत होतो. माझ्या पेन्सिलीच्या रेघेवरून कालवे जात. पण देवळाली प्रवरेला सासरी गेलो की मामा, म्हणजे आमचे सासरे, मला एवढंच विचारत, "पाव्हणं, पानी कवा सोडनार?" उत्तर मिळायच्या आत ते साडूंकडे वळत, "हां, मंग त्या सातव्याचं काय झालं?" की झालं! साडू ताटातच मैदान मांडत. भाताची मूद म्हणजे टेकाड, वरणाचा ओघळ म्हणजे नाला, लोणच्याची फोड म्हणजे वाळूचा खड्डा. ऊस सोडून कशात लक्ष न घालणारे मामा घास हातात धरून ऐकत, आणि माझ्या पोटात दुखायला लागे. आता या वयात लपवून काय करायचं, मी त्या माणसावर जळत होतो.

गोल्फमध्ये भोकाभोवती हिरवळ लागते म्हणे. नगरला हिरवळीला पाणी कुठलं? तिथे वाळूत जळकं तेल कालवून गोल चौथरा चोपत आणि त्याला ब्राउन म्हणत. साडू त्या ब्राउनवर चपला घालून कधी चढले नाहीत. एका कर्नलसाहेबांनाही त्यांनी बूट काढायला लावले होते, असं मामा चारचौघांत सांगत. मला वाटतं ते खोटं असावं. खरं असेल तर आणखीच वाईट. वरातीत, बाजारात, कुठेही मोकळी जमीन दिसली की साडू थबकून डोळे बारीक करत, "हितं दोन होल बसत्याल." एकदा मी हौसेनं त्यांना माझा कालवा दाखवायला नेलं. बराच वेळ बघून म्हणाले, "लई सरळ केलाय, पाव्हणं. पान्याला कटाळा यील." माझी बायको हसली. ते मी बरीच वर्षं विसरलो नाही.

या सगळ्यांत त्यांचं दैवत म्हणजे पाचवा होल. होल म्हणजे नुसतं भोक नव्हे, तिथवर चेंडू मारत न्यायचा अख्खा पट्टा; सरळ जाता जाता तो मध्येच, काही कारण नसताना, उजवीकडे वळे. तिथे ना नाला, ना झाड. साडूंचं म्हणणं, आखणारा साहेब मोठा ज्ञानी होता, त्यानं हे वळण माणसाची पारख करायला ठेवलं. "उतावळा काटंवनात जातो, दमाचा मानूस वळून जातो." मामांनी हे वाक्य घरच्या पोरासोरांना पाठ करायला लावलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात क्लबात नवे सेक्रेटरी आले आणि म्हणाले, हे वळण निरर्थक आहे, होल सरळ करा. साडूंचं अन्नपाणी सुटलं. ते राहुरीला माझ्याकडे आले. "पाव्हणं, तुमी नकाशावालं. साहेबाचा मूळ कागुद कुटं घावला तर बगा. त्यात कारण लिवलेलं आसंल."

मी कचेऱ्यांतून धूळ खात हिंडलो आणि जुना मोजणीचा नकाशा मिळवला. वळणाच्या जागी स्पष्ट खूण होती: विहीर. कुणा शेतकऱ्याची, पुढे कधीतरी बुजलेली. ज्ञान नाही, पारख नाही, साधी विहीर आडवी आली होती. मला इतका आनंद झाला की तो नकाशा साडूंकडे न नेता मी थेट देवळालीला नेला आणि सणाच्या पंगतीत, मामांच्या देखत उघडला.

साडूंनी त्या खुणेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजी राज साहेबाचं, हुकूम साहेबाचा, आन् शेतकऱ्याची हीर बुजवली न्हाई त्यानं. आपला खेळ वळीवला." त्यांचे डोळे भरले होते. मामांनी मान हलवली, "व्हय, लई मोठा मानूस." मी तिथेही हरलो.

दुसऱ्या दिवशी तो नकाशा घेऊन साडू आपण होऊन सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींनी खूण पाहिली आणि विचारलं, "आता आहे का विहीर?" साडूंना खोटं बोलता येत नसे. महिन्याभरात पाचवा होल सरळ झाला.

काही दिवसांनी मी त्यांना भेटायला मैदानावर गेलो. संध्याकाळची फेरी चालली होती. नव्या सरळ पट्ट्यावर चालता चालता ते विहिरीच्या जागेपाशी आले आणि सवयीनं उजवीकडे वळले. मीही मागोमाग वळलो. मला वाटलं, आता तरी हा माणूस मला दोन शब्द सुनावेल.

"पाव्हणं," ते म्हणाले, "माज्यासाटी किती वनवन केली तुमी. नकाशा घावला नसता तर साहेब मला कळलाच नसता."

साडू जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तो नकाशा मी कशासाठी आणला होता, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.