आटपाडीतला बार्ज

नवीकोरी वस्तू पाहिली की ज्याला मनापासून वाईट वाटतं, असा माणूस उभ्या सातारा-सांगलीत एकच होता, आणि तो नेमका माझा साडू असावा हे माझं नशीब. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, राहणार आटपाडी. नवी वहाण घेतली की ती आधी आठवडाभर खताच्या ढिगाशेजारी पडून राही, मग यांच्या पायात जाई. नवी छत्री उन्हात टांगून विटवल्याशिवाय ते कधी घेऊन निघाले नाहीत. मी हौसेनं घेतलेला ट्रान्झिस्टर त्यांना दाखवायला नेला, तर त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "चांगला हाय, पर अजून माणसात आला न्हाई."

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण लष्करातून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी बार्ज करायला घेतला, आणि माझी झोप उडाली.

मी तेव्हा लोणंदला शाळेत चित्रकला शिकवत होतो. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कला म्हणजे मी, असं सगळे मानत. निदान मी तरी मानत होतो. मी केलेलं थर्माकोलचं देऊळ, आत लाल-हिरवे दिवे लागणारं, हेडमास्तरांच्या खोलीत काचेच्या कपाटात होतं. आता हे साडू. जन्मात कधी कुंचला धरलेला नाही. त्यांनी निवडलं काय, तर बार्ज. म्हणजे सपाट तळाची, बोजड, लोखंडी नाव. तिच्यावर क्रेन असते, साखळ्या असतात, सामानाचे ढीग असतात; रूप म्हणून काही नसतं. नोकरीतली अकरा वर्षं त्यांनी अशाच एका बार्जवर, धक्के आणि पूल बांधायच्या कामावर काढली होती. तोच आता हातभर लांबीचा करायचा होता, तोही आटपाडीत, जिथं त्या दुष्काळात प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. शेजारचा एक म्हातारा रोज येऊन विचारायचा, "पर ह्यो सोडनार कुठं?"

"सोडायचा न्हाई," साडू म्हणायचे. "लय काम केलंय त्येनं. आता बसू द्या."

तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी बार्जचं अंग केलं. खोक्याच्या फळ्यांची तळहाताएवढी केबिन झाली, मेहुणीच्या तुटक्या पैंजणाची नांगराची साखळी झाली. सायकलच्या व्हॉलट्यूबचे काप काढून ते बाजूला टायर म्हणून टांगले. करड्या रंगाचा हात मारून तो पुरा झाला तेव्हा मी जाऊन पाहिला, आणि मला फार बरं वाटलं. ठीकच होता. माझ्या देवळापुढं काहीच नव्हता. मी तोंड भरून स्तुती केली आणि परतीच्या एस.टी.त शीळ घातली.

चार महिन्यांनी पुन्हा गेलो, तर साडूंनी त्याची पार नासाडी केली होती. लोखंडाचा कीस चिंचेच्या पाण्यात कुजवून त्याचा गंज चढवला होता. काव, काजळी, चहाचं पाणी, जे हाताला लागेल ते काडीच्या टोकानं लावलं होतं. पत्र्याला पोचे होते, रंगाचे पोपडे सुटले होते. पण तो बार्ज जगून आल्यासारखा दिसत होता.

"मास्तर, नवं करनं सोपं हाय," साडू म्हणाले. "जुनं करायचं तर काय काय घडलं ते ठावं पायजे. हितं डिझेल सांडायचं. हितं साखळी घासायची. ह्या दाराशी आमचा सारंग, म्हंजी बार्जवरला म्होरक्या, पान खाऊन थुकायचा."

"आणि हे पांढरं?"

"पाखरं."

परत येताना बायको म्हणाली, "दाजींच्या त्या बार्जला हात लावला, तर गंज बोटाला लागंल असं वाटतं." पुढच्या स्टँडवर म्हणाली, "तुमचं देऊळ बघितलं की मला बर्फी आठवती." त्यानंतर लोणंदपर्यंत मी बोललो नाही.

पुढं साडूंच्या मुलीचा साखरपुडा झाला. खंडाळ्यापासून पाहुणे आले होते, आणि नवऱ्या मुलाला बघायचं सोडून सगळे आतल्या खोलीत, लष्करी ट्रंकेवर ठेवलेल्या बार्जपुढं गर्दी करत होते. माझे सासरे, ज्यांनी माझ्या देवळाला "बरं हाय" यापलीकडे काही दिलं नव्हतं, ते गुडघ्यावर बसून पाहत होते. दुपारी मांडवात पंगत बसली आणि खोली रिकामी झाली. मी आत गेलो. काय करायचं ते ठरवलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. क्रेनजवळ तारेचा बारीक कठडा होता. मी त्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. दोन खांब बाहेरच्या बाजूला वाकले. मग मी पंगतीला जाऊन बसलो आणि दोनदा बुंदी मागून घेतली.

पाहुणे गेल्यावर साडूंनी मला आत बोलावलं. ते ट्रंकेसमोर मांडी घालून बसले होते.

"ह्यो कठडा कुनी वाकवला?"

"गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला असेल," मी म्हणालो.

त्यांनी वाकलेल्या खांबांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "असाच वाकला हुता. क्रेनचा हूक सुटला, आन् माझा जोडीदार हितं उभा हुता. कठडा वाकवत भाईर पान्यात गेला. दुसऱ्या दिशी घावला. नंतर वर्कशॉपवाल्यांनी कठडा सरळ करून रंग दिला, नवा करून टाकला. मी समदीकडं गंज लावला मास्तर, पर ह्यो वाकवायला माझा हात झाला न्हाई."

मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण त्यांनी गंजाची वाटी माझ्याकडं सरकवली.

"तुमचा हात चांगला हाय. हितला गंज तुमी लावा."

मी लावला. गंज जास्त झाला आणि एक ओघळ खाली उतरला. साडू म्हणाले, राहू द्या, पानी असंच उतरतंय. माझ्या हाताचं कौतुक त्यांनी पहिल्यांदा केलं होतं.

खरं मी पुढंही सांगितलं नाही. दर खेपेला म्हणायचो, आता सांगू. आणि साडू गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. ते होते तोवर घरी कुणीही आलं की बार्ज दाखवत, क्रेनशी येऊन थांबत आणि म्हणत, "एवढं मातूर आमच्या लोणंदच्या मास्तरांनी केलंय." लोक वाकून पाहत. कुणी म्हणे, सगळ्यांत खरं हेच वाटतंय. सगळे मग माझ्याकडं वळत, तोवर मी अंगणात जाऊन उभा असे.